सुजीच्या नावाने येणारी पाकिटं

४ जुलै
आज परत आलं. गुळगुळीत पाकीट, वर गुटगुटीत बाळ, खाली सुजीचं पूर्ण नाव आणि माझ्या घरचा पत्ता. 'अभिनंदन! तुमच्या बाळाला सहावा महिना लागला.' पावडरच्या दुधाची कंपनी. जानेवारीत जे बाळ रडलंच नाही, त्याचे महिने हे लोक मोजून राहिले.

सुजी मागे कपडे वाळत घालत होती. पाकीट शाळेच्या पिशवीत कोंबलं. आधीची पण तिथंच आहेत. धाकटी बहीण आहे, पण लहान नाही. किती लपवू?

धनराजभाऊ पोस्टमनला म्हटलं, हे आणू नका ना. म्हणे, "मॅडम, नाव-पत्ता बरोबर हाय तं मले देनंच पडते. ज्याच्या नावानं हाय त्यानं नाई घेत म्हनून लिहून देलं, तं वापस करतो."
ज्याच्या नावाने. म्हणजे सुजीनेच लिहायचं.

७ जुलै
शाळा सुटल्यावर साकोलीत चौकशी. दवाखाना: आम्ही कोणाला पत्ते देत नाही. सोनोग्राफीवाले: तेच. मेडिकलवाला हसला. "मॅडम, नंबर तं सगळेच घेतेत. कोन कोनाले देते, कोनाले मालूम?"

सुजीचं सासर पवनी. आई नाही म्हणून बाळंतपण माझ्याकडे, आणि तेव्हापासून ती इथेच. पाकिटावर माझा पत्ता, म्हणजे नाव साकोलीतूनच गेलं. इतकं कळतं. पुढे सगळा गोंधळ.

पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात वेबसाइट, नको असल्यास इथे कळवा. उघडली. ओटीपी सुजीच्या मोबाइलवर जाणार. बंद करून टाकली.

१३ जुलै
स्टाफरूममध्ये बोलले. कुंदा मॅडम म्हणाल्या, त्यांचे मिस्टर जाऊन वर्ष होत आलं, विम्याची जाहिरात अजून त्यांच्याच नावाने येते. मग दोघींनी मिळून कागद तयार केला, दुकानांत आणि दवाखान्यांत लावायला: 'इथे दिलेलं नाव, पत्ता, नंबर आम्ही कोणाला देतो, आणि नको असेल तर कुठे सांगायचं.' खाली जागा कोरी. ज्याने त्याने भरायची.

मेडिकलवाल्याने लावला. कापडवाला चिडला, "आमच्यावर शक घेता काय?" दवाखान्यात, डॉक्टरसाहेबांना विचारतो.

१८ जुलै
मेडिकलमधला कागद गायब. "पानी लागलं मॅडम, म्हनून काढला." दुकानाच्या आत, काउंटरवर पाणी!
इतर दोन-चार दुकानांत लावला आहे, पण खालची जागा कोरीच.

२२ जुलै
तहसीलमध्ये ग्राहकांची बैठक. बोलायचं होतं कागदाबद्दल. बोलता बोलता सुजीचं सगळं सांगून बसले. नावासकट. मग साहेब म्हणाले, "मॅडम, गंभीर आहे. पण पत्र ज्यांना येतं, त्यांच्या सहीचा अर्ज लागेल."
लोक नंतर येऊन चांगलं बोलल्या म्हणाले. मी कोणाकडे न बघता बाहेर पडले.

२३ जुलै
प्रकाशरावांचा फोन. सुजीचा नवरा, कधी आवाज चढवत नाही. आजही नाही चढवला. "ताई, गोष्ट पवनीपर्यंत आली. तुमी तिले विचारलं होतं काय?"
नव्हतं विचारलं. न विचारता नाव का देता, म्हणून दुकानदारांना विचारत फिरते, आणि मीही तेच केलं.

२४ जुलै
सांगितलं सुजीला, पाकिटांचं आणि बैठकीचं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणे, "ह्या महिन्याचं आलं काय?"
तिला माहीत होतं! फोनवरही येतं म्हणे, दर महिन्याला.
"मंग बंद काहून नाई केलं?"
"सगळे मनतेत, झालं थे झालं, आता पुढचं पाय. थे कंपनीवालेच एक विचारतेत, बसाले लागला काय म्हनून. खोटं हाय, समजते मले. पन विचारतेत तं."

पाकिटं मागितली. दिली. एकेक उलगडून बघत बसली. म्हणे, "ताई, फोटोतला पोरगा हरखेपी दुसराच हाय." आणि हसली. मी हसावं की काय, कळेना.
बैठकीचं विचारलंच नाही तिने. त्याची जास्त भीती वाटते.

२७ जुलै
कुंदा मॅडम विचारतात, अर्जाचं काय? काय सांगू. ही पाकिटं बंद व्हावी म्हणून फिरले. ती बंद झाली तर सुजीचं काय जातं, काय राहतं, माझं डोकं चालत नाही. मुलांच्या वह्या तशाच पडल्यात.

३० जुलै
सकाळी सुजी स्वतःच म्हणाली, लिही अर्ज. मी लिहिलं, 'सदर पत्रं तात्काळ बंद करावीत.' तिने पेन घेऊन ती ओळ खोडली.
"बंदचं नको लिहू."
"मंग काय लिहू?"
"माह्या पोराचं या लोकायले कोनं सांगतलं, थे सांगा म्हना. आन् अर्धंच काहून सांगतलं."

तसंच लिहिलं. मुद्दा तिचाच, फक्त भाषा सरकारी केली. मग ती सरकारी भाषाही खोडून तिचीच बोली ठेवली.
बैठकीत बोलले त्याबद्दल माफी मागितली. "तू बोलली नसती तं मी बोलली नसती," म्हणे. हे माफ केलं की रागावली?

१ ऑगस्ट
तहसीलला दोघी गेलो. बाबूने अर्ज दोनदा वाचला. "बाई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? बंद करायचं की चालू ठेवायचं?"
सुजी म्हणाली, "थे मंग सांगीन. पयले याचं उत्तर द्या."
बाबूने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. शिक्का मारला त्याने.

बसस्टँडवर चहा घेतला. कपात बघत सुजी म्हणाली, "उत्तर माह्या नावानं येईन ना?"
हो म्हटलं.
"तं तू नको खोलू."
बरं म्हटलं. उत्तर देणार कोण, तहसील, कंपनी, दवाखाना, हे बाबूलाही सांगता आलं नव्हतं.