आलेख स्वच्छ आला

२ जानेवारी
तुरुंगाच्या दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन म्हणून रुजू झाले. तूर्त तात्पुरती, काम पटलं तर कायम. संकल्प एकच: कैदी आणि बाहेरचा पेशंट यांत फरक करायचा नाही. डॉक्टरांना कैदी गोळीसाहेब म्हणतात. डोकं दुखो नाहीतर पाय मोडो, गोळी एकच. मी हसले नाही. थोडं हसले.

५ जानेवारी
बायकांच्या बराकीतून एका मावशीला आणलं. सगळी बराक तिला मावशीच म्हणते. खटला अजून सुरू व्हायचाय. छातीत दुखतं, डावा हात जड पडतो. एक हात हातकडीने खाटेला जखडलेला, त्यामुळे आलेखात नुसता गोंधळ. मी शिपाईणबाईंना कडी काढायला सांगितलं. पळाली तर तू धावणार का, असं त्यांनी विचारलं. मी ठाम राहिले. कडी निघाली, आलेख सुरेख आला. मावशी मनगट चोळत म्हणाली, गुणाची आहेस गं पोरी. इथल्या सुधारणेला कोणीतरी सुरुवात केली, एवढी नोंद राहू दे.

६ जानेवारी
आलेखात दोष स्पष्ट आहे. हृदयाला रक्त कमी पडतंय. पट्टी डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, इथे सगळ्यांच्याच छातीत दुखतं, त्यातून कामाच्या वेळी जास्त. टेक्निशियनने आलेख काढावा, अर्थ लावू नये. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, कॉलेजातही हेच शिकवलं. तरी उद्या स्पष्ट बोलेन.

७ जानेवारी
डॉक्टर रजेवर. माझा नाइलाज.

११ जानेवारी
मावशी पुन्हा. थंडीने कुडकुडत होती, त्यामुळे रेषा थरथरत होती. मी ब्लँकेट मागवलं. शिपाईणबाई म्हणाल्या, उशीही मागव, पाय चेपायला मी आहेच. पण आणलं. आलेख पहिल्यापेक्षा स्वच्छ. दोष पहिल्यापेक्षा मोठा. जाताना ब्लँकेट काढून घेतलं, ते दवाखान्याचं आहे. काय निघालं गं, असं मावशीने विचारलं. आलेख छान आलाय म्हटलं. खोटं नव्हतं.

१२ जानेवारी
आज बोलले. म्हणजे विषय काढला. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पोलिसांची गाडी लागते आणि गाडी कोर्टाच्या तारखांना जाते, असं डॉक्टर म्हणाले. तुझी कायम होण्याची फाईल माझ्याकडेच आहे, हेही म्हणाले. सहज म्हणाले. मी लेखी द्यायचं ठरवलं. लेखी गोष्टीला वजन असतं.

१४ जानेवारी
मसुदा झाला. भाषा जरा कडक वाटते. मवाळ केली. आता त्यात काय म्हणायचंय ते मलाच कळत नाही. पुन्हा लिहीन.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मग तू बोललीस का, असं तिने विचारलं. आई, पद्धत असते, म्हटलं. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी ती जेवलीस का विचारल्याशिवाय ठेवत नाही.

१८ जानेवारी
मावशी गेली. सकाळी, बराकीतच. बायका दारावर ताटं आपटत होत्या म्हणे. शिपाईणबाई आज काहीच टोचून बोलल्या नाहीत. अचानक झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं.

मसुदा चांगला झाला होता. सहीच राहिली होती.

२० जानेवारी
मावशीची मुलगी सामान न्यायला आली होती. माझी चौकशी करत करत दवाखान्यापर्यंत पोचली. भेटीला आलं की आई तुमच्याबद्दलच बोलायची, म्हणाली. इथे एक शिकलेली पोरगी आहे, माझी कडी काढायला लावते, पांघरूण देते. काही वाईट असतं तर तिने सांगितलंच असतं. वकील बाहेरच्या हॉस्पिटलसाठी कोर्टात अर्ज करतो म्हणत होता. आईनेच नको म्हटलं. उगाच त्या पोरीला कमीपणा येईल, म्हणाली.

मग तिने माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मी काळजी घ्या म्हटलं.

सामानाच्या तपासणीसाठी तिला फाटकाशी बराच वेळ उभं केलं होतं. मी खिडकीतून पाहत होते. तेवढ्या वेळात खाली जाऊन सांगता आलं असतं.