माळा मोठा, ओटा लहान

रविवार, ५ जानेवारी २०२५

मस्कतहून दर्शनाचा फोन. नेहमीसारखी एकेकाची चौकशी. आई, गुडघे कसे आहेत? आकांक्षाचे डोळे अजून दुखतात का? सोनूबाईंचा खोकला गेला? सोनूबाई आमची मासेवाली, पण माझी सून तिलाही विसरत नाही. म्हटलं, बाई गं, दिवसभर तिकडचे पेशंट बघतेस, त्यात आमची भर कशाला? हसली.

माझा राजेश गेला तेव्हापासून ती तिकडे नर्स आहे. माझी नात आकांक्षा तेव्हा शाळेत होती, आता पदवीधर झाली. आईशिवायच झाली म्हणायची. दर्शनाचा करार मार्चात संपतो. आकांक्षाला घरून करायचं हिशेबाचं काम मिळालंय— महिनाभर पारखणार, मग कायम. कायम झाली तर दर्शना घरी येईल. नाही झाली तर पुन्हा करार, पुन्हा वाट बघणं. लॅपटॉप मात्र आपला आपण आणायचा.

मंगळवार, ७ जानेवारी

आणला. माझ्याच पसंतीचा!

दुकानात दोन होते, किंमत सारखीच. एकात आठ जीबी रॅम, पाचशे बारा जीबी जागा. दुसऱ्यात रॅम चार, पण जागा एक टीबी— जवळजवळ दुप्पट. दुकानातला म्हणाला पहिला न्या. आकांक्षाही तेच. मी कसली ऐकते!

डिलाईल रोडच्या या खोलीत मी गिरणीवाल्यांची खानावळ चालवली. माणसं राहायचीही इथेच, पाळीपाळीने झोपायची, पण त्यांच्या ट्रंका कायम माळ्यावर. त्यामुळे खोली बघायला गेलं की आम्हा लोकांची मान आधी वर. माळा केवढा? मोठा असेल तर बाकीचं निभतं. यंत्राचंही तसंच असणार, असं मी धरून चालले.

"आजी, रॅम कमी पडेल गो."

"वाढेल हळूहळू," मी म्हटलं. जसं काही ते पाळण्यातलं पोर आहे.

पोरीने दुकानात वाद घातला नाही. घालायला हवा होता.

गुरुवार, ९ जानेवारी

कामाचा पहिला दिवस. लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून झाला.

सोमवार, १३ जानेवारी

सकाळी मीटिंग. साहेबिणीचा चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच थिजला. आकांक्षा हिशेबाचा तक्ता उघडायला गेली की मीटिंग बंद पडते, मीटिंग लावली की तक्ता गोठतो. नंतर साहेबिणीचा फोन आला, स्पीकरवर. बाहेर भाजी निवडत होते, तरी कानावर पडलंच— "मशीन नीट करून घ्या. असं चालणार नाही. आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल."

पोरगी मला एका शब्दाने बोलली नाही. जेवली मात्र अर्धीच पोळी. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सोनूबाईला तीळगूळ द्यायला गेले. माझा चेहरा बघून म्हणाली, "शांते, तोंड कशाला असं सुकट झालंय?" सगळं सांगितलं. तिचा रूपेश लोअर परळला लॅपटॉप दुरुस्त करतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "उद्याच ने. आणि त्याला सांग, मी रडत होते म्हणून." मी रडत नव्हते. म्हणाली, "तरी सांग. लवकर करेल."

बुधवार, १५ जानेवारी

रूपेशने लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, "मावशी, एवढं काय भरणार होतात यात?"

मग समजावलं. जागा म्हणजे माल ठेवायची जागा. काम तिथे होत नाही. काम रॅमवर होतं. म्हटलं, म्हणजे माळा आणि ओटा? तो थांबला, म्हणाला, "हां, तसंच. तुम्ही माळा हॉल एवढा घेतलाय आणि ओट्यावर दोनच पातेली मावतायत. प्रत्येक वेळी एक उतरवून माळ्यावर चढवायचं, दुसरं खाली काढायचं. वर तुमची शिडीपण म्हातारी."

शिडी म्हणजे आत फिरणारी जुन्या पद्धतीची डिस्क. नव्या पद्धतीची एसएसडी लावली की माल झटकन हाताशी येतो.

मग त्याने पाठ उघडली. काहींची रॅम पक्की जोडलेली असते म्हणे, वाढवताच येत नाही. यातही एक पट्टी जोडलेली होती, पण शेजारी एक खाच रिकामी. "नशीबवान आहात," म्हणाला. म्हटलं, मग बघतोस काय, घाल.

त्याने आठची पट्टी घातली, म्हणजे बारा झाले. शिवाय पाचशे बाराची एसएसडी. जुनी डिस्क डबीत घालून दिली, फोटो ठेवायला.

त्याचं मत लिहून ठेवते, चाळीत कुणी ना कुणी विचारेलच. नुसता अभ्यास आणि पत्रव्यवहार असेल तर आठ जीबीच्या खाली उतरू नका. मीटिंग आणि हिशेब एकदम करायचे असतील तर सोळा उत्तम. जागा दोनशे छप्पन्नमध्ये भागतं, पाचशे बारात सुखाने राहता येतं. पण एसएसडीच. आणि विकत घेण्याआधी खाच आहे का विचारा.

शुक्रवार, १७ जानेवारी

सुरू केला— आणि चालू! चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. साहेबीण बोलतेय, तक्ता उघडाय, बाजूला आणखी काय काय. आकांक्षाने मान न वळवता अंगठा दाखवला. तिच्या ताटात आज दोन पोळ्या, वर अर्धी मागून घेतली.

सोमवार, १० फेब्रुवारी

कायम झाली. पत्र आलं. मी तिला तीनदा वाचायला लावलं. दर्शनाला तिनेच फोन करून सांगितलं, मी तोवर सोनूबाईकडे पेढे घेऊन गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दर्शनाशी आज बोलले. म्हटलं, आता तरी करार वाढवू नकोस. तर म्हणते, "आई, नाही म्हणून डिसेंबरातच लिहून दिलं होतं. पोरीला काम लागल्याचं कळलं त्याच दिवशी. तुम्हाला सांगितलं नाही, तिच्या जिवाला घोर नको म्हणून."

म्हणजे तिकडची नोकरी सुटलेलीच होती, सगळं घर पोरीच्या या कामावर, आणि मी इथे माळा बघत बसले होते. कानशिलं गरम झाली. मग हसूच आलं, थांबेना.

रागवायला तोंड होतं कुठे मला? एवढंच म्हटलं— तिकीट काढलंस की दिवस लवकर कळव गं. आम्ही घ्यायला येतो.