तळाची चार वांगी

सावेडी, नगर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपाली हिस,
मालनआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी कपडे धुतले, दहाच्या एसटीने श्रीरामपूरला रेश्माकडे गेले, जेवले आणि दिवेलागणीच्या आत परत आले. आईला जाऊन तीन महिने होत आले. दोघी बहिणींनी एक दिवस बरोबर काढावा असे मनात होते. बोलणे फारसे झाले नाही.

फोनवर मला काही सुचत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून तू वांगी धाडतेस त्याच रिकाम्या पिशवीत हे पत्र घालून कानिफनाथच्या दुधाच्या टेम्पोने पाठवते आहे.

रेश्माच्या ओट्यावर टोपलीत वांगी होती. प्रत्येकाला भोक. तिच्या सासूबाई चिरताना कुरकुरत होत्या, की माहेरी एवढा मळा आणि सून आणते ती अळ्यांची उष्टी. रेश्मा हसली. मी त्या भोकांकडेच बघत बसले. विहिरीमागच्या आईच्या वाफ्यातली ती वांगी, हे मला कोणी सांगायला नको. मळ्यातले बाजाराला आणि वाफ्यातले घरच्यांना, ही रीत तू लग्न होऊन येण्याआधीची. त्या वाफ्याच्या बांधाला आईने फवारणीचा पंप कधी टेकू दिला नाही.

आता माझ्या पिशवीचे सांगते. आई गेल्यापासून येतात ती वांगी आरशासारखी चकाकतात. एकालाही भोक नाही. पहिल्या पाण्याला औषधाचा वास येतो. मिठाच्या पाण्यात ठेवते, हळदीच्या पाण्यात ठेवते, पण आत काय मुरले आहे ते धुऊन कळत नाही. भोक निदान दिसते. या वेळीही तळाशी चार लहान, निस्तेज वांगी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. उरलीसुरली घातली असतील. ती शेजारच्या राहीबाईंना दिली.

रेश्मा घरची आणि मी बाजाराची, हे कधी ठरले, एवढेच विचारायचे होते. मच्छिंद्रला आशीर्वाद सांग. माया आहे ती असू दे.

तुझी,
मालनआक्का

*

देवळाली प्रवरा
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आक्कांस,
रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आक्का, किडकी वांगी मिळाली नाहीत म्हणून नणंद रुसली, असं आपल्या गावात पहिल्यांदाच घडत असेल. तुमचे भाऊ म्हणाले, आक्काला कळव, पुढच्या खेपेला अळ्या वेगळ्या बांधून देतो.

आईंच्या हातची पिशवी यायची तेव्हा तुमची दर वेळी तक्रार असायची, की वांगं वरून धड दिसतं आणि चिरलं की आत अळी निघते. त्या गेल्यावर तुमची पिशवी माझ्या हाती आली. भावजयीनं कीड पाठवली असं व्हायला नको, म्हणून मी मळ्यातली एकेक निवडून घातली. फवारणी झाली की औषध उतरेपर्यंत तुमची तोडायला मी मुद्दाम थांबते. मार्केटला जातात ती थांबत नाहीत. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू. आम्ही घरी जी खात नाही ती लोक विकत घेऊन खातात.

वाफ्याचं म्हणाल तर तो आई असताना होता तसा राहिला नाही. थोडं दुर्लक्ष झालं की अळी सगळा पोखरते. याहून जास्त मला विचारू नका, मी शब्द दिलाय. तळाची वांगी मात्र कुणाला देऊ नका. ती तुम्हीच खा.

गुडघ्याला तेल लावत जा. आमच्यावर राग धरू नका.

आपली,
रुपाली

*

सावेडी, नगर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज कुठे गेले नाही. दुपारी कानिफनाथ पिशवी घेऊन आला, त्याला चहा दिला.

तू निवडून घालतेस ते मानते. पण उरलीसुरली तुम्हीच खा असे लिहितेस, ते लागले. कानिफनाथला सहज विचारले, तर तो म्हणाला की रेश्माताई दर शुक्रवारी येत्यात, वाफ्यात बसत्यात आन् जाताना पिशवी गच्च भरून नेत्यात. तुझा शब्द कोणाला दिलेला आहे ते मला कळले.

लहानपणी रेश्मा मागून घ्यायची आणि मी ताटात पडेल ते खायचे. आई लोकांना कौतुकाने सांगायची की आमच्या मालनचे काही मागणेच नसते. मागणे नसते असे नाही. मला मागता येत नाही.

रेश्माने आईच्या गळ्यातली पोत नेली असती तर मी एका शब्दाने बोलले नसते. वाफा वेगळा. त्यातले दोन घास पोटात गेले, की आई अजून देवळालीत आहे आणि तिला माझी आठवण आहे असे वाटायचे. आता ते रेश्माला वाटत असणार. शाळेच्या कार्यालयात कामाला बसते तेव्हा सुद्धा हेच डोक्यात येते. चांगले नाही ते, पण येते.

यापुढे पिशवी पाठवू नकोस. मी मंडईतून आणीन. तिथलीही फवारलेलीच असतात, पण त्या माणसाकडून मला काही नको असते.

सर्वांना आशीर्वाद. तुझ्याविषयी मनात काही नाही.

मालनआक्का

*

देवळाली प्रवरा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

नको म्हणालात तरी पिशवी पाठवतेय, आणि दिलेला शब्दही मोडतेय. हे लिहायला बसलेय तेव्हा रेश्माताई वाफ्यात आहेत.

दिवाळीच्या आधी अळीनं वाफा पार पोखरला. तुमच्या भावांनी पंप पाठीला लावला, म्हणाले एकदाच मारतो. रेश्माताई त्या दिवशी इथंच होत्या. त्यांनी आईंचं गोणपाट आणलं, वाफ्याच्या मधोमध टाकून त्यावर बसल्या आणि भावाला म्हणाल्या, मार खुशाल, मी काय हितनं उठत न्हाई. ह्यांनी पंप उतरवला.

तेव्हापासून दर शुक्रवारी, शिवणक्लासला सुटी असते तेव्हा, त्या सकाळच्या गाडीनं येतात. एकेक पान उलटून अळ्या वेचतात. सुकलेले शेंडे मोडतात, किडकी वांगी तोडतात. ते वाफ्यात पडून राहिलं तर कीड पुन्हा झाडावर चढते, म्हणून पिशवीत भरून लांब नेऊन जाळतात. कानिफनाथनं पाहिली ती गच्च पिशवी हीच. त्यातली कापून खाण्याजोगी असतात तेवढी त्या घरी नेतात.

धड वांगी एका खेपेला तीन-चारच निघतात. त्यांना मळ्यातल्या वांग्यांचं औषध लागू नये म्हणून कागदात गुंडाळून माझ्याकडे देतात, की आक्काच्या पिशवीत तळाशी घाल. मी म्हटलं, त्यांना सांगू तरी द्या. तर म्हणाल्या, नको, आक्का म्हणेल रेश्मा आता आईच्या जागी बसायला निघाली. वर म्हणाल्या, आईनं जन्मभर धड वांगी आक्कालाच निवडून धाडली, मी मेली भोकाचीच खात आले, आता काय वेगळं करायचं. हसत म्हणाल्या आणि पुन्हा पानं उलटायला लागल्या.

हे पत्र त्या चार वांग्यांच्याच कागदात घालते, म्हणजे नक्की हाती पडेल. रेश्माताईंना कळलं तर माझी खैर नाही. दोघींच्या मध्ये मला सांभाळून घ्या.

आपली,
रुपाली

*

सावेडी, नगर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिशवी काल आली. मी ती न उघडता राहीबाईंच्या दारात ठेवली. आज सकाळी केर काढत होते तेव्हा त्या तुझे पत्र घेऊन आल्या. तळाशी वांग्यांबरोबर निघाले म्हणाल्या. उंबऱ्यातच उभी राहून वाचले.

मग त्यांच्या घरी जाऊन ती वांगी परत मागितली. दिलेली वस्तू मी आजवर कधी परत मागितलेली नाही. तीन वांग्यांची त्यांनी रात्रीच भाजी केली होती. चौथे माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, की बाई, वर एवढी चकचकीत पडलीत, तुम्हाला हेच कशाला हवं. मी ते पदरात घेतले. वरची मी त्यांना खाऊ नका म्हटले. ती काय करायची ते तू आणि मच्छिंद्र ठरवा, मळ्यातल्या सगळ्याच वांग्यांचे ठरवा.

रेश्माला लिहायला बसले. दोन ओळी झाल्या, त्या फाडल्या. तुझ्यापाशी लपवत नाही, मला तिचा अजूनही हेवा वाटतो. वांग्यांचा नाही. तिला आईच्या गोणपाटावर बसता येते, त्याचा.

मला शुक्रवारी सुटी नसते, रविवारी असते. रविवारी वाफ्यात कोणी बसलेले चालेल का, एवढे तिला विचार. आईचे गोणपाट तिचेच राहू दे. मी येताना दुसरे आणीन.

तुला माझ्यामुळे मनस्ताप झाला. तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मालनआक्का

ता. क. पाकीट बंद करण्याआधी वांगे चिरायला घेतले. वरून अगदी धड होते. आत अळी निघाली. ती विळीच्या टोकाने काढून खिडकीतल्या कुंडीत टाकली आणि राहिलेल्या फोडी पाण्यात सोडल्या.