एका हातानं चालेल असा कम्प्युटर

मु. पो. झरी, ता. जि. परभणी
सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर

प्रिय कमल हिला झरीहून रुख्मिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळं आठातली निम्मी अंगं जमिनीला टेकत नाहीत, ती टेकली असं धरून चाल.) तू माझ्याहून वर्षानं मोठी, म्हणून ‘तीर्थरूप’ घालणार होते, पण जिनं गंगाखेडच्या घाटावर माझी नवी चप्पल गोदावरीत सोडून ‘बघ, नाव कशी चालली’ म्हणून टाळ्या वाजवल्या, तिला तीर्थरूप म्हणायला मन धजत नाही. इकडं सगळे खुशाल. ह्यांचा खोकला आहे तिथंच आहे. म्हैस व्याली, पण टोणगा झाला, म्हणून दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तुझी खबर तुझी सून प्रियंका कळवत असते. काठी धरून गॅलरीपर्यंत येतेस, जेवण बरं जातं, उजवा हात अजून हुकमात नाही, जीभ जड आहे ती आहेच, पण समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. त्यासाठी डॉक्टर कशाला पाहिजे होता? तुला समजलं नाही असं काही मी आजवर बघितलेलं नाही. समजून न समजल्यासारखं केलेलं मात्र लय बघितलंय.

हे पत्र हातानं लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. वाचता येतंय त्यावरूनच. प्रियंकाच्या मोबाइलवर हे जाईल आणि ती मोठ्या अक्षरात कागदावर काढून तुझ्या हातात देईल, असं आमच्या राजनंदिनीनं (आमची सून, तू तिच्या लग्नात जिलबीला नावं ठेवली होतीस) ठरवून दिलंय. तर ऐक, तुझ्या मैत्रिणीनं कम्प्युटर घेतला. कसा घेतला ते सांगायला बसले आहे, आणि मधे ‘पुरे’ म्हणायला तू जवळ नाहीस, म्हणून सविस्तर सांगते.

एका रात्री जेवताना मी आपलं सहज म्हटलं, मला कम्प्युटर पाहिजे. ह्यांचा घास हातातच राहिला. आमच्या घरात आजवर मी मागितलेल्या वस्तू म्हणजे पाटा, शिलाईची मशीन आणि एकदा तुळजापूर. ह्यांनी विचारलं, “कशाला पायजे?” मी म्हटलं, पाहिजे. ते म्हणाले, सातबारा काढायला बरा पडेल. राजनंदिनी म्हणाली, आई, बचत गटाच्या बायकांना उपयोग होईल. शेजारचे सटवाजी भाऊजी लिंबू मागायला आले होते, ते म्हणाले, हवामान कळतं त्याच्यात. अर्ध्या तासात माझा कम्प्युटर सातबाऱ्याला, बचत गटाला आणि पावसाला वाटून झाला. ज्या बाईनं मागितला तिच्या वाट्याला पुसायचं फडकं तेवढं राहिलं. पण आणायचं ठरलं, हे खरं.

शनिवारी आम्ही परभणीला गेलो. सटवाजी भाऊजी सोबत होतेच. त्यांचा साडू कुठल्याशा कचेरीत कम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावायचा, म्हणून भाऊजींना त्यातलं कळतं असं साऱ्या झरीत मानलं जातं. जीपमधे ते वाटभर सांगत होते, “वैनी, आतली जागा लय मोठी घ्या. कणगी घेतल्यावानी. आज पोतं असलं तरी उद्या धा पोती येतेत.” मी म्हटलं, पत्रं किती पोती होतील? ते ऐकायला थांबले नाहीत.

दुकान स्टेशन रोडला. दुकानदार ओमप्रकाश, पोरसवदा वाटतो पण दोन लेकरांचा बाप आहे, बोलायला गोड. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न केला, “काकू, तुमची गरज काय आहे? गरजेप्रमाणं मशीन घ्यावी.” कमल, खरं सांगते. लग्नाला माझ्या एवढी वर्षं झाली, दोन बाळंतपणं, एक ऑपरेशन, घराची तीनदा डागडुजी, पण तुमची गरज काय असं तोंडावर कुणी विचारल्याचं मला आठवेना. मी शब्द जुळवायलेय तोवर ह्यांनी सातबारा सांगितला, भाऊजींनी कणगी सांगितली. ओमप्रकाश म्हणाला, मग लॅपटॉप घ्या, मांडीवर घेऊन बसता येतं. मी म्हटलं, मांडीवर बसायला नातू आहे, तो दुसऱ्याला बसू देत नाही. मग त्यानं विचारलं, “आयथ्री देऊ का आयफाइव्ह?” भाऊजी ताडकन म्हणाले, “आय तर एकच असती बाबा, घे हात जोडून.” त्यावर तो बिचारा इतका हसला की त्याच्या चहानं त्याच्याच शर्टावर नक्षी काढली.

तेवढ्यात माझं लक्ष एका टेबलाकडं गेलं. तिथं एक मोठा कीबोर्ड मांडला होता, जाडजूड, उंच कळांचा. मी उठले आणि त्याच्यापुढं जाऊन बसले. बसल्याबरोबर पाठ आपोआप ताठ झाली, मनगटं उचलली गेली. मला एकदम शिवशंकर सरांची टायपिंगची शाळा दिसली, गंगाखेडची, वर पत्रे आणि खाली पिठाची गिरणी. तुला आठवतं का, गिरणी सुरू झाली की सगळी मशीनं थरथरायची आणि सर म्हणायचे, चुकलं तर गिरणीला नाव ठेवायचं नाही! आपली बोटं दिसू नयेत म्हणून ते कळांवर टॉवेल टाकायचे. तुझ्या मशीनची घंटी मोडलेली होती, म्हणून ओळ संपत आली की तू तोंडानं ‘टिंग’ करायचीस, आणि सरांना ते सबंध उन्हाळाभर कळलं नाही. येताना घाटावर बसून आपण गुडघ्यावर बोटं आपटत बोलायचो. तू गुडघ्यावर एक वाक्य वाजवायचीस आणि मी ओळखायचं. बहुतेक वेळा ते ‘भूक लागली’ असायचं, म्हणून मी ओळखायची.

तर मी डोळे मिटले आणि मराठीत लिहायला लागले. बोटांना सगळं ठाऊक होतं, कमल! मला ठाऊक नव्हतं, पण त्यांना होतं. खाडखाड, खाडखाड. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. मागून भाऊजींचा आवाज आला, “आत्ता! वैनी तर इंग्रजी फाडायल्यात की!” मी डोळे उघडून बघते तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मी ‘प्रिय कमल’पासून जे जे लिहिलं होतं त्याचं मशीननं आपल्या मतानं काहीतरी भलतंच केलं होतं. (मशीनला मराठी आधी सांगावी लागते, आपली जुन्या कळांची मराठी तर नाव घेऊन सांगावी लागते. ओमप्रकाशनं नंतर सांगितली.) काय लिहिलंय ते बघायला हे माझ्या डाव्या अंगानं वाकले. चष्मा काढलेला, तोंड अगदी पडद्याजवळ. आणि नेमकी तिथं माझी ओळ संपली.

पुढचं कसं सांगू? ओळ संपली की डावा हात उचलायचा आणि टायपिंगच्या मशीनचा दांडा उजवीकडं सटकन ढकलायचा, हे सरांनी हातात इतकं भिनवलं होतं की माझ्या हातानं मला विचारलंच नाही. दांडा नव्हता. दांड्याच्या जागी आमचे व्यंकटराव होते.

आवाज चांगला मोठा झाला. भाऊजींनी पायातली चप्पल नीट करायला घेतली. मला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. पण परभणीत भर बाजारात ती कुठली दुभंगते! हे गालावर हात धरून मोठा वेळ माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता गं. पाहुणीकडं बघावं तसं बघत होते. मग चष्मा घातला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आमीच बोलायलाव मघाधरनं. आता तूच सांग, काय पायजे तुला.”

मी म्हटलं, “एका हातानं चालेल असा पायजे.”

“तुझे तर दोनी चालतेत,” हे म्हणाले. “आत्ताच बघितलं सगळ्यायनं.”

मग मात्र दुकान हसलं आणि मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले, ते थांबेचना. मी सांगून टाकलं. म्हटलं, माझी एक मैत्रीण हाय पुण्याला. तिची जीभ जड झालीया. मी रोज फोन करते, सून तिच्या कानाला लावून धरते, मी बोलत राहते आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मी विचारते, ऐकायलीस का? तर सून सांगते, मान हलवलीया. मान फोनमधून कशी दिसणार? आणि तो चेहरा दिसणारा फोन लावला तर ती तोंड फिरवून घेते. तिचा डावा हात चांगला हाय. पेननं लिहायचं तर कागद धरायला दुसरा हात लागतो. कीबोर्ड कुणी धरावा लागत नाही, तो आपला आपण बसतो. तिनं आणि मी एकाच ठिकाणी टायपिंग शिकलंय. मला तिच्याशी बोलायचंय. ही माझी गरज हाय.

ओमप्रकाश आत गेला आणि होते नव्हते तेवढे कीबोर्ड घेऊन आला. एकेक समोर ठेवायचा, स्वतःचा उजवा हात पाठीमागं बांधल्यासारखा धरायचा आणि डाव्या हातानं चालवून बघायचा. हा लांब पडतो, याच्या कळा घसरतात, हा जड आहे. हेही बसले मग, एका हातानं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही टाइप केलं, ते म्हणजे स्वतःचं नाव. त्यात ‘व्यं’ काही जमला नाही, म्हणून ‘कटराव’ लिहून समाधान मानलं. शेवटी एक निवडला, आणि ओमप्रकाशला म्हणाले, “असेच दोन दे. दोघींच्या कळा एका जागी असाव्यात.” भाऊजींनी तेवढ्यात पुन्हा कणगीची गोष्ट काढली. ह्यांनी त्यांना गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

कम्प्युटर सध्या माजघरात, सोयाबीनच्या थप्पीशेजारी आहे. राजनंदिनीनं तो मांडला आणि मला पत्र पाठवायला शिकवलं. तिला मी एकच गोष्ट पाच वेळा विचारते आणि ती पाचही वेळा पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगते. (जिलबीला नावं ठेवलीस, पोरीला ठेवू नकोस.) खाली एक डबा दिलाय, लाइट गेली की तो किंचाळतो, म्हणजे दिवसातून अनेकदा. तो किंचाळला की म्हैस हंबरते, आणि मग हे उठून दोघांनाही गप्प करतात, आधी म्हशीला.

सातबारा अजून निघालेला नाही. पाऊस कधी येणार तेही कळलेलं नाही. बाकी सगळं ठीक. तुझ्या योगीराजला आशीर्वाद, प्रियंकाला त्याहून दोन जास्त, कारण फोन धरून हात तिचा दुखतो. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण आता आपल्याहून मोठं कोण उरलंय?

तुझी,
रुख्मिणी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. दुसरा कीबोर्ड पाठवतो आहोत; तो प्रियंकाच्या मोबाइलला जोडता येतो, असं ओमप्रकाश म्हणाला. प्रियंकाला उत्तर सांगून लिहवून घ्यायचं नाही; तू खुणा करायच्या आणि तिनं ‘आईंनी आशीर्वाद सांगितलाय’ लिहायचं, असलं गोड पत्र मला नको. तू स्वतः लिही. एक ओळ लिही. अर्धी लिही. दिवसाला एक शब्द आला तरी चालेल. मी जुळवून वाचेन. आणि चुकलं तर चुकू दे. मला चुकलेलं वाचता येतं. माझंच अक्षर मी इतकी वर्षं वाचत आले आहे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं ह्यांनी मघाशी वाचून घेतलं. (मागितलं, नाही कसं म्हणू?) वाचून झाल्यावर तडक टोपी घालून बाहेर पडले. मला वाटलं, थोबाडीतीचं लिहिलं म्हणून रुसले. तर परभणीला स्टेशनात जाऊन पुण्यावरून जाणाऱ्या पनवेल गाडीची तिकिटं काढून आले, शुक्रवारची, दोघांची! ज्या माणसाच्या मी तुळजापूरला न्या म्हणून सात वर्षं मागं लागले होते तो हा. म्हणाले, “लिहीत काय बसलीस, जाऊन बस की तिच्यापशी.” मग कम्प्युटर कशाला घेतला, असं मी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस. कीबोर्ड आता पार्सलनं येत नाही, माझ्या पिशवीत धपाट्यांच्या खाली येतोय.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मी आल्यावर तोंड फिरवून घेऊ नकोस. बोलायचं कसं याची फिकीरही करू नकोस. मी बोलेन, तू ऐक. आजवर तरी दुसरं काय होत होतं?