वरच्या खोलीचा जिना

मी, चंद्रावती दिनानाथ म्हात्रे, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. हेही सुखाने करीत नाही.

१. पेण येथील दुमजली घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. त्याचा तळमजला मुलगा प्रविण यास देते.

२. वरच्या मजल्याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे.

रोहा तालुक्यातल्या शाळेत मी होते तेव्हा कातकरी वाडीवरची मुले दाराशी बसत. मी पहिल्याच आठवड्यात बसायच्या जागा बदलल्या. भाविका वाघमारे हिला प्रविणशेजारी बसवले. तो माझ्याच वर्गात होता. तिच्याकडून गणिते समजून घ्यायचा, डब्यातली भाकरी अर्धी द्यायचा. ते पाहून मला वाटायचे, आपले काम झाले.

भाविका पुढे शिक्षिका झाली. पेणला बदली झाल्यावर ती माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागली. गेल्या पावसाळ्यात मी रोह्याला बहिणीकडे असताना प्रविणने तिचे सामान जिन्यावर काढून ठेवले आणि खोलीला कुलूप लावले. सून ऋतुजा हिने मला फोन केला, "आई, तुम्ही या. हे बरं नाय झालं."

मी आले. प्रविण म्हणाला, "शेजारी बोलतात, वाडीवरची बाई ठेवली म्हणून. शाळेतलं शाळेत गो आई. घर म्हणजे तुझा वर्ग नाय."

मी भाविकाला परत आणायला गेले. तिच्या एका मैत्रिणीच्या पडवीत ती वह्या तपासत होती. मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाली, "प्रविणनं सामान काढलं त्याचं एवढं नाय बाई. पण माझ्याकडं बघितलंच नाय त्यानं. एका बाकावर बसलो होतो ना आम्ही?"

त्या चहाचा घोट गिळताना मला जी शरम वाटली, तिला कायद्याच्या भाषेत शब्द नाही.

खोली तिच्या नावे करते म्हटले, तर तिने हात जोडले. "मला नको. वाडीवरच्या पोरी पेणला कॉलेजला येतात, त्यांना कोण खोली देत नाय. त्यांना द्या."

म्हणून वरचा मजला अशा मुलींच्या राहण्यासाठी ठेवते. त्याचा कारभार भाविका पाहील. बाहेरचा जिना त्यांच्या वहिवाटीचा राहील. त्याला प्रविणने किंवा कोणीही कुलूप लावू नये.

३. माझ्या बांगड्या आणि बँकेतील ठेव ऋतुजाला. त्या दिवशी भर पावसात भाविकाचे सामान रिक्षात ठेवायला तीच एकटी गेली होती.

४. पुस्तके, शिलाई मशीन आणि मोठे पातेले वरच्या मजल्यावर जावे.

५. हे लिखाण मी प्रविणला वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, "म्हणजे मी वाईट, एवढंच ना?"

मी म्हटले, "वाईट नाय रे. पण बाहेर तुझं नाव निघालं की माझी मान खाली जाते."

तो अजून भाविकाकडे गेलेला नाही. त्याने माफी मागितली तरच तळमजला मिळेल, अशी अट घाला, असे वकिलांनी सुचवले होते. मी नाकारले. घरासाठी मागितलेली माफी भाविकाच्या दारात नेऊन तिला पुन्हा खाली पाहायला लावू नये. तळमजला त्याचाच आहे. तिच्याकडे जायचे तर त्याने रिकाम्या हाताने जावे.

लिहून ठेवणार : चंद्रावती दिनानाथ म्हात्रे (सही)

आम्हा दोघींसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. रेचल एलियाह रोहेकर, निवृत्त शिक्षिका, रोहा (सही)
२. सीताबाई काळुराम पाटील, शेजारीण, पेण (सही)

ठिकाण : पेण
दिनांक : ९ डिसेंबर २०२४