आईच्या वाटणीच्या फळ्या

तोरणमाळ,
ता. २९ एप्रिल २०२५

ती. रूथताईस,
धाकट्या दानियलचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. तुझी, आईची आणि तुझ्या त्या मारक्या शेळीची खुशाली कळव. मोबाईलला इथे रेंज नाही. तळ्यामागच्या टेकडीवर चढलं तर एखादी दांडी येते आणि हॅलो म्हणेपर्यंत जाते. म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदा पत्र लिहायला बसलोय, हसू नकोस. दलपत बुधवारी आणि शनिवारी टेम्पोत भाजी आणि सामान घेऊन वर येतो, पत्र त्याच्याच हाती दे. तोंडी निरोप मात्र देऊ नकोस, घाट चढेपर्यंत तो अर्धा विसरलेला असतो.

काम मोठं आहे, ताई. नाशिकची नाटकमंडळी आहेत. सुट्टीत वर येणाऱ्या पर्यटकांसाठी २४ मेपासून आठ दिवस खेळ लावायचाय. नाटक बसवणाऱ्या भाविका मॅडम वयाने तुझ्याएवढ्याच, पण तुझ्यापेक्षा कमी ओरडतात. शहरातलं एक कुटुंब डोंगरावरच्या कॉटेजमध्ये उन्हाळा काढतं आणि शेवटी थोरली सून दार लावून कायमची निघून जाते, अशी गोष्ट आहे. मॅडम म्हणतात, नाटकातली दारं पुठ्ठ्याची असतात, लावली की सगळी भिंत डुलते. त्यांना खरं दार हवंय. लावल्याचा आवाज मागच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत बसला पाहिजे म्हणे. नवापूरच्या पाच पाड्यांतल्या मयतांच्या पेट्या करणारा सुतार मी, मेलेल्या माणसांनी कधी माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत. आता जित्यांची परीक्षा.

रोज सकाळी कामाआधी कॉटेजांवरून एक फेरी मारतो. एका ओळीत नऊ आहेत. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, व्हरांड्यावर बोगनवेल, पायरीशी कुंड्या. बरीचशी रिकामीच. मी प्रत्येक दाराशी थांबतो, बिजागऱ्या बघतो, चौकट मोजतो. परवा राखणदाराने अहिराणीत हटकलं, काय मोजी ऱ्हायना भाऊ. मी टेप दाखवला. हातात टेप असला की माणसाला कोणी चोर समजत नाही. आई इथे असती तर एका व्हरांड्यावर बसवून चहा पाजला असता. तिला म्हणावं, दानियल दोन वेळ पोटभर जेवतो.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
दानियल


आंबापाडा, ता. नवापूर,
ता. २ मे २०२५

चि. दानियल यास,
रूथताईचा सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आईला दोनदा वाचून दाखवलं. कॉटेजांचं ऐकून म्हणाली, एवढी रिकामी घरं कशाला बांधतात. मी म्हटलं, तुझ्या लेकाने लग्न केलं की एक त्याला देतील. चौतीस वर्षांचा झालास, नाटकातली सून पळून जाते त्याऐवजी एखादी इकडे घेऊन ये.

थट्टा पुरे. आईचं बरं नाही. तू गेल्यावर चार दिवसांनी पाय सुजले. आता पायरी चढली तरी धाप लागते. अंगणवाडीतून सुट्टी काढून मी तिला नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदय मोठं झालंय म्हणाले, गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. मीठ बंद केल्याचाच तिला जास्त राग आलाय.

आता विचारायचं ते विचारते. काल ती म्हणाली, माझ्या फळ्या खाली काढ, पुसून ठेव, वाळवी लागली का बघ. दर उन्हाळ्यात बघते, तुला माहीत आहे. बाबांनी बांधावरचं शिवणीचं झाड पाडलं तेव्हा दोन पेट्यांच्या फळ्या काढल्या होत्या. बाबा त्यातल्या अर्ध्यांत गेले, उरलेल्या आईच्या. बारा वर्षं ती त्यांच्याखाली झोपतेय. शेजारच्या सिंधुबाईला शिडी धरायला लावून मी माळ्यावर चढले. माळ्यावर पोती आहेत आणि उंदराच्या लेंड्या आहेत. फळ्या नाहीत.

कुठे आहेत? आईला सांगितलंय, शिडी मोडकी आहे, उद्या चढते.

जीव लावून आहे.
तुझी ताई,
रूथ


तोरणमाळ,
ता. ६ मे २०२५

ती. रूथताईस,
दानियलचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून हातातला रंधा खाली ठेवला. खोटं बोलत नाही. फळ्या माझ्याकडे आहेत.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी प्रार्थनेला गेलात तेव्हा मी आणि दलपतने त्या टेम्पोत घातल्या. दलपतला काय ते माहीत नव्हतं, त्याला शिव्या देऊ नकोस. नाटकवाल्यांनी आणलेलं लाकूड मी आधीच बघून ठेवलं होतं, ते ओलं होतं. ओल्या लाकडाचं दार आठ दिवसांत पिळतं, मग ना लागत ना उघडत. बारा वर्षं वाळलेली शिवण दुसरी कुठे मिळणार होती? आई पहाडासारखी होती गं. कोंबडीच्या मागे अख्ख्या पाड्याला चक्कर मारत होती. मनाशी म्हटलं, खेळ संपले की दार सोडवायचं, फळ्या होत्या तशा माळ्यावर, कोणाला कळायचंसुद्धा नाही.

त्या मी आडव्या कापलेल्या नाहीत. नुसत्या जोडून स्क्रू मारलेत. घाबरू नकोस. आईच्या गोळ्या वेळेवर दे.

राग आला तरी धरून ठेवू नकोस.
दानियल


आंबापाडा,
ता. ९ मे २०२५

चि. दानियल,
आशीर्वाद.

राग धरून ठेवत नाही, इथेच काढते. लाज वाटली नाही तुला? दुसऱ्यांच्या मयताला अर्ध्या तासात हजर होतोस, टेपने मोजतोस, कडा घासतोस की सुतळीसुद्धा अडकू नये. आणि स्वतःच्या आईची पेटी नाटकाच्या बाईला लावायला-उघडायला दिलीस. विचारलं असतंस तर कदाचित तिने दिल्याही असत्या, तिचा जीव तुझ्यात. चोरून नेल्यास, हेच मला गिळवत नाही.

आणि आता माझं ऐक, कारण मीही काही कमी केलेलं नाही. मंगळवारी तिने परत विचारलं. तोपर्यंत शिडीचं निमित्त संपलं होतं. मी सांगून टाकलं की दानियलने फळ्या तिकडे रंधायला नेल्यात, तिथे मशीन आहे, पेटीचं काम त्याने हातात घेतलंय. तिने माळ्याकडे बघितलं. मग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, “त्याला म्हणावं घाई करू नको. घाईची पेटी वाकडी होते.”

आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, माझा लेक माझं काम करतोय. सिंधुबाई ऐकते आणि माझ्या तोंडाकडे बघते. शिडी तिनेच धरली होती.

गोळ्यांनी सूज उतरत नाही. दार सोडव आणि फळ्या घेऊन ये.
रूथ


तोरणमाळ,
ता. १३ मे २०२५

ती. रूथताईस,
दानियलचा सलाम.

तुझं पत्र मी तळ्याकाठी बसून वाचलं. मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, “दानियल, आत्ता काढून घेऊन जा. आम्ही पुठ्ठ्याचं करू.” वर म्हणाल्या, टेम्पो नसला तर गाडी करून देते.

मी पेचकस घेऊन उभा राहिलो. एक स्क्रू काढला. ताई, तुला काय सांगू, मलाच काढवेना. जन्मभर जे केलं ते मातीत गेलं. लोक रडत असतात, पेटीकडे कोणी बघतं का? हे दार रोज चाळीस माणसं तालमीत बघतात. कालच एक म्हातारा नट चौकटीवरून हात फिरवून म्हणाला की असं काम त्याने पन्नास वर्षांत पाहिलं नाही. मी तो स्क्रू परत लावला.

आणखी एक आहे. मागे लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. कॉटेजांच्या दारांना वर काचेची छोटी खिडकी असते. तशी मी पाडलीय, मधल्या दोन फळ्यांत, वीतभर. रंगही दिलाय, निळा. पेटीला ते झाकण म्हणून चालणार नाही. पण शहाद्याला चांगलं सागवान मिळतं. खेळ संपल्याबरोबर घेतो आणि आईसाठी अशी पेटी करतो की पाच पाड्यांत तशी झाली नसेल. महिना-दोन महिने तर ती सहज काढेल, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात म्हणजे काहीतरी बघूनच दिल्या असतील.

अजूनही सकाळी कॉटेजांवरून जातो. आता दारांकडे बघायचं काही उरलं नाही, तरी पाय तिकडेच वळतात. कुंड्यांना पाणी घातलेलं असतं, पायऱ्या झाडलेल्या असतात, आत कोणी नसतं. एका व्हरांड्यावर थोडं बसतो. आज राखणदाराने उठवलं.

ती झोपेत असताना सुतळीने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेऊन पाठवशील का? तेवढंच कर.

दानियल


आंबापाडा,
ता. १६ मे २०२५

दानियल,

माप घेणार नाही. तिचा डोळा लागतच नाही, आता ती उशीला टेकून बसूनच रात्र काढते.

बुधवारी परत नंदुरबारला नेलं होतं. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय ते तुला कळतं. मी भाकरीवर मीठ-मिरची दिली, दोन घास खाल्ले.

फळ्या राहू दे. दार राहू दे. सागवान राहू दे. तू ये. ती तुला बोलवत नाही, कारण तिला वाटतं तू तिच्याच कामात आहेस. हे माझ्यामुळे झालंय. रोज ठरवते की खरं सांगून टाकावं, म्हणजे ती तुला हाक तरी मारेल. मग तिचं तोंड बघते आणि गप्प बसते. तू दारात उभा राहिलास तर मला काही सांगावंच लागणार नाही.

दलपत शनिवारी वर येतोय, त्याच टेम्पोत बसून ये.
रूथ


तोरणमाळ,
ता. २० मे २०२५

ती. रूथताईस सलाम.

शनिवारी दलपतसोबत निघालोच होतो. पिशवी टेम्पोत ठेवली होती. तेवढ्यात तालमीत दार खालून घासायला लागलं, रंगाने फुगलं होतं. ते मी सोडून दुसरं कोण बघणार? तासाभराचं काम म्हणता म्हणता दुपार झाली आणि दलपत थांबला नाही.

आता मधे फक्त तीन दिवस आहेत. २४ला पहिला खेळ. तो डोळ्यांनी बघतो आणि रविवारी सकाळी दलपतसोबत उतरतो, खेळ बघायला तो त्या रात्री वरच थांबणार आहे. दुपारी आईपाशी असेन. शब्द देतो. दार आता असं लागतं की सगळ्यांचं बोलणं थांबतं. तिला एवढंच सांग की काम संपत आलंय.

दानियल


आंबापाडा,
ता. २३ मे २०२५

चि. दानियल यास,
ताईचा आशीर्वाद.

आई काल, गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमारास गेली. मी पेज पाजत होते. दोन चमचे घेतले, तिसरा नको म्हणाली. तुझं पत्र सकाळीच आलं होतं. काम संपत आलंय, हे मी तिला सांगितलं होतं. तिने मान हलवली. शेवटचं तिला कळलं ते हेच.

ऊन असं की पत्रा हाताला चटका देतो. प्रार्थनाघराचे वडीलधारे रेवजी म्हणाले, ठेवता यायची नाही, संध्याकाळच्या आत मूठमाती द्यावी लागेल. टेम्पो वर जाऊन येईपर्यंत रात्र झाली असती, तुला निरोप कसा द्यायचा, कोणालाच सुचेना. मग माणसं फळ्या काढायला माळ्याखाली आली. सगळ्यांना माहीत होतं की आईच्या फळ्या आहेत, ती स्वतःच सांगत होती. तेव्हा मी अंगणात उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, तू काय केलंस ते आणि मी काय केलं ते. दलपत उठून नळावर गेला.

रेवजी म्हणाले, नवापूरहून प्लायवूडची तयार पेटी आणू. आईने तिच्या मावशीच्या मयतात तसल्या पेटीचा तळ सुटलेला पाहिला होता, त्या पेट्यांना तिने उभा जन्म नावं ठेवली. मी नको म्हटलं. घराचं दार उतरवलं. बाबांनी केलेलं, सागाचं. प्रार्थनाघरातला मोडका बाक रेवजींनी दिला, त्याच्या बाजू झाल्या. सुतार पाच पाड्यांत तू एकटाच, म्हणून पेटी मीच केली. लहानपणी बाबांच्या हाताखाली फळी धरून उभी राहायचे, तेवढंच मला येतं. सिंधुबाईने खिळे दिले. ते लांब होते, दोन आतून बाहेर आले, त्यांवर मी तिचं जुनं लुगडं घडी करून ठेवलं.

आपलं दार तुला माहीत आहे, पाच फुटांचं, सगळे वाकून आत येतात. आई उंच. पेटी तोकडी झाली. तिचे गुडघे दुमडावे लागले. रेवजींनी तोंड फिरवलं, मीच दुमडले. सूज होती, लवकर वाकेनात.

बाबांच्या शेजारी, बांधावर, सूर्य बुडायच्या आत सगळं झालं.

हे पत्र दलपत उद्या वर आणेल. त्याला सांगितलंय की खेळ संपल्यावरच तुझ्या हातात दे. आईला वाटत होतं तू कामात आहेस, तर ते काम तू पुरं कर. मग ये. आरडाओरडा मी करणार नाही, माझ्यातही आता उरलेला नाही. आठ खेळ व्हायचे असतील तर होऊ देत, एक झाला असेल तर एकच. मॅडमना माझा सलाम सांग, त्यांनी तुला जा म्हटलं होतं.

येताना ते दार घेऊन ये, चौकटीसकट. घर उघडं पडलंय. काल मी खाट आडवी टाकून झोपले तरी कुत्री आत आली. तूच ते बसव, वरची भिंत थोडी फोडावी लागली तरी चालेल, चांगलं लागतं म्हणतोस ना. रंग खरवडू नकोस आणि ती खिडकी बुजवू नकोस. मी उंबऱ्यात उभी राहून बघितलं, तेवढ्या उंचीवरून बांधावरच्या दोन्ही कबरी दिसतात. जाता-येता आपण दोघं बघू.

माया कमी झाली नाही, एवढंच आज लिहवतं.
तुझी ताई,
रूथ