दामूचा जवळा

बुधवार, संध्याकाळ, थळ

शेजारच्या दामूने आजही स्पीकर माझ्या खिडकीकडे तोंड करून लावला. "आवाज कमी कर रे," म्हटलं, तर काठी घेऊन कुंपणापर्यंत आला.

पण खुपतंय ते कालचं. तो बाजारात गेला होता आणि अवकाळी सर आली. वाळत घातलेला जवळा, इवलीशी कोळंबीच ती, भिजला की गेलाच. म्हणून आमच्या कोळीवाड्यात आधी दिसेल तो गोळा करायचा, कोणाचा ते मागाहून बघायचं. मी माझा उचलला, मग त्याचाही. आल्यावर ओरडला, "माज्या जवल्याला हात कुनी लावला? चोरटी हाय ही!" सगळ्या आळीसमोर.

रात्रीच ठरवलं, पुन्हा शिवायचं नाही. कुजू दे. जवळा भरायची टोपलीसुद्धा माळ्यावर टाकली.

आत्ता परत आभाळ भरलंय. स्पीकर तसाच बोंबलत ठेवून दामू कुठेतरी गेलाय, जवळा अंगणात पसरलेला. पडू दे पाऊस. चोरटी म्हणतो मला!

फक्त एक कळत नाही. टोपली माळ्यावरून काढून दारात कोणी ठेवली? घरात तर मी एकटीच आहे.